अलातचक्र आणि चौकट : केइइची कोइके यांच्या 'अल्ट्रा हेवन'चे एक तौलनिक वाचन

१

चित्रकथा या साहित्यप्रकाराकडे मराठी समीक्षेने आजवर गांभीर्याने पाहिलेले नाही. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ पासून निघालेल्या 'अमर चित्र कथे'वर मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्या वाढल्या. परंतु आपल्या वाङ्मयेतिहासात या वाचनाची दखल बालसाहित्याच्या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदापलीकडे जात नाही. या पार्श्वभूमीवर एका जपानी मांगाचा विचार तौलनिक साहित्याभ्यासाच्या ग्रंथात करावयाचा तर त्याचे प्रयोजन आधी स्पष्ट केले पाहिजे.

केइइची कोइके (जन्म १९६०) यांना १९७६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तेझुका पुरस्कार मिळाला. 'अल्ट्रा हेवन' ही त्यांची विज्ञानकथात्मक मांगा 'कॉमिक बीम' या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली आणि २००२, २००५ व २००९ या वर्षांत तिचे तीन खंड पुस्तकरूपाने निघाले. तिसऱ्या खंडाने कथेची सांगता होत नाही. कथासूत्र थोडक्यात सांगता येते. नजीकच्या भविष्यकाळात भावावस्था निर्माण करणारी रसायने कायदेशीरपणे, मद्यालयासारख्या दुकानांतून, हव्या त्या मिश्रणात उपलब्ध आहेत. आनंद, शांती, उत्साह यांची मात्रा मागून घेता येते. काबू नावाचा व्यसनी नायक या अधिकृत व्यवस्थेच्या कडेला जगतो आणि 'अल्ट्रा हेवन' या निषिद्ध द्रव्यापर्यंत पोहोचतो. त्यानंतर तो शुद्धीवर येतो. पण हे शुद्धीवर येणे हाच नशेचा पुढचा टप्पा असल्याचे आढळते, आणि पुन्हा तसेच होते. पुढील खंडांत द्रव्याची जागा हळूहळू ध्यान घेऊ लागते.

भारतीय वाचकाच्या मनात या कथासूत्राने 'माया' हा शब्द तत्काळ उभा राहावा, हे स्वाभाविक आहे. किंबहुना या तत्काळपणातच प्रस्तुत निबंधाची समस्या दडलेली आहे. परकीय कृतीत आपलाच सिद्धान्त दिसल्याचा आनंद हा तुलनेचा आरंभ असू शकतो. परंतु पुष्कळदा तो तुलनेचा शेवट ठरतो. 'हे तर आमच्याकडे पूर्वीच सांगितलेले आहे' असे म्हटले की समोरची कृती वाचण्याचे कारणच उरत नाही, आणि आपली परंपराही न वाचताच राहते. तेव्हा या मांगाच्या निमित्ताने परंपरेतील एक विशिष्ट संहिता नेमकेपणाने वाचावी आणि तिच्यातून मिळणारी उपकरणे समीक्षेला कितपत उपयोगी पडतात, ते तपासावे, असा येथे प्रयत्न आहे.

२

ही संहिता म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधाच्या तेराव्या अध्यायातील हंसगीता. मराठीत ती एकनाथांच्या टीकेतून आली. पैठण येथे आरंभ झालेले 'एकनाथी भागवत' शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाले. मराठी भाषेत वास्तवाच्या स्वरूपाचा ऊहापोह करणारा एक प्रमुख ग्रंथ या नगरीत सिद्धीस गेला, ही बाब येथे बसून तौलनिक अभ्यास करणाऱ्यास विसरता येत नाही.

हंसगीतेचा प्रसंग असा. सनकादिक ब्रह्मदेवाला विचारतात : चित्त विषयांत शिरते आणि विषय चित्तात शिरतात, मग सुटू इच्छिणाऱ्याने या दोहोंची ताटातूट कशी करावी? ब्रह्मदेवाची बुद्धी सृष्टिकर्मात गुंतलेली असल्याने त्याला उत्तर सापडत नाही. तेव्हा परमात्मा हंसरूपाने प्रकट होतो. ऋषी त्याला 'आपण कोण?' असे विचारतात आणि हंस प्रथम या प्रश्नाचीच चिकित्सा करतो. पुढे जागृती, स्वप्न व सुषुप्ती या बुद्धीच्या अवस्था असून त्या तिन्हींचा साक्षी त्यांहून वेगळा आहे, असे प्रतिपादन येते.

या अध्यायातील दोन दृष्टान्त आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला अलातचक्राचा. जळते कोलीत वेगाने फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते; वर्तुळ कोठेही नसते, असते ते एकेका क्षणी एकेका ठिकाणचे टोक. हाच दृष्टान्त गौडपादांच्या माण्डूक्यकारिकेतील चौथ्या प्रकरणाला 'अलातशान्ति' हे नाव देऊन गेला आहे. दुसरा दृष्टान्त मद्यप्याचा. मदिरेने अंध झालेल्या माणसाला अंगावरचे वस्त्र राहिले की गळाले याचे भान नसते. तसे सिद्धाला आपला देह बसला आहे की उठला आहे याचे भान नसते.

हा दुसरा दृष्टान्त धाडसी आहे. मुक्तीचे वर्णन करताना नशेची उपमा योजणे म्हणजे नशा आणि मुक्ती यांच्यात गल्लत होण्याची वाट मोकळी करणे. संहितेला या धोक्याची जाणीव नसेल असे मानण्याचे कारण नाही. दृष्टान्ताची व्याप्ती तिने काटेकोरपणे आखलेली दिसते. साम्य आहे ते केवळ देहाविषयीच्या बेफिकिरीचे. वस्त्र विसरणारा स्वतःलाही विसरलेला असतो. देह विसरणाऱ्याला स्वरूप गवसलेले असते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोघांत भेद करता येणार नाही. कोइके यांच्या मांगाचा सारा व्यवहार या 'बाहेरून भेद न करता येण्या'च्या जागी चालतो.

३

आता रूपबंधाकडे वळू. अलातचक्राचा दृष्टान्त चित्रकथेला केवळ आशयाच्या पातळीवर लागू पडतो असे नाही. चित्रकथेच्या पानावर गती नसते. असतात त्या सुट्या, स्थिर चौकटी आणि त्यांच्यामधील रिकाम्या पट्ट्या. एका चौकटीत उचललेला हात आणि पुढच्या चौकटीत पडलेला पेला यांच्यामध्ये जे घडले ते कागदावर कोठेही काढलेले नसते. वाचकाचे मन ते पुरवते आणि पुरवल्याचे विसरून जाते. म्हणजे कोलिताची टोके चित्रकाराची, वर्तुळ वाचकाचे.

बहुतेक चित्रकथा ही प्रक्रिया वाचकाच्या ध्यानात येऊ देत नाहीत. स्वप्न किंवा स्मृती दाखवायची असेल तर चौकटीची कड नागमोडी करावी, कोपरे गोल करावेत, पार्श्वभूमी काळी करावी, असे संकेत रूढ आहेत. 'येथून पुढचे खरे नव्हे' अशी पाटीच त्यायोगे लावलेली असते. कोइके यांनी हा करार मोडला आहे. काबूच्या शुद्धीचे आणि नशेचे रेखाटन सारख्याच बारकाईने, सारख्याच ठाम रेषेत होते. प्रवेश कोठे झाला ते वाचकाला मागाहून कळते. दुसरीकडे, नशेच्या ऐन भरात चौकटी कलतात, एकमेकींवर चढतात, वितळतात, आणि एकाच देहाच्या अनेक अवस्था एका पानावर पसरतात. चौकटींचा क्रमच मोडतो, तेव्हा वाचक प्रथमच थांबून 'आता पुढे कोणती?' असा प्रश्न करतो. आपण इतका वेळ क्रम लावीत होतो, हे त्याला त्या क्षणी उमगते.

या ठिकाणी चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. यासुताका त्सुत्सुई यांच्या १९९३ च्या कादंबरीवर आधारलेला सातोशी कोन यांचा 'पाप्रिका' (२००६) हा चित्रपटही स्वप्न व जागृती यांची सरमिसळ करतो. परंतु प्रेक्षागृहात वर्तुळ फिरवणारा हात यंत्राचा असतो. प्रेक्षकाला कोलीत थांबवता येत नाही. मांगाचा वाचक पान उलटणे थांबवू शकतो, मागे जाऊ शकतो, दोन चौकटी शेजारी ठेवून निरखू शकतो. हंसगीतेच्या परिभाषेत बोलायचे तर तिन्ही अवस्था पाहणाऱ्या साक्षीची जागा येथे वाचकाला देऊ केलेली आहे. काबूला ती जागा नाही; तो ज्या अवस्थेत असतो त्या अवस्थेचाच होऊन जातो.

मात्र ही देऊ केलेली जागा कोइके वाचकाकडेही निर्धोकपणे राहू देत नाहीत. वाचक मागे जातो, चौकटी पडताळतो, आणि जागृतीची म्हणून गृहीत धरलेली चौकट जागृतीची होती याचा पुरावा त्याला सापडत नाही. वेदान्तातील साक्षी अवस्थांच्या बाहेर असतो, म्हणून त्या त्याला बाधत नाहीत. मांगाचा वाचक पुस्तकाच्या बाहेर असतो खरा. पण पुस्तकातील जगाविषयी त्याला जे काही ठाऊक आहे ते चौकटींतूनच आलेले आहे. या मांगाला मायावादाचे चित्ररूप म्हणता येत नाही, ते या कारणाने. मायावादाला भ्रमाच्या निरासाची खात्री असते. दोरी कळली की साप जातो. येथे दोरीची चौकटही सापाच्या चौकटीसारखीच काढलेली आहे. ऋषींचा प्रश्न इथे आहे, ब्रह्मदेवाची निरुत्तरताही आहे. हंस मात्र येत नाही.

४

विज्ञानकथेच्या जागतिक परंपरेत या मांगाची वंशावळ स्पष्ट आहे. स्तानिस्वाव लेम यांच्या 'द फ्यूचरॉलॉजिकल काँग्रेस' (१९७१) या कादंबरीत संपूर्ण समाज रसायनांच्या आधारे चालवला जातो. परंतु पडद्यामागून पडदे दूर होत जातात आणि सुखाच्या दृश्याखालचे भयाण दैन्य उघडे पडते. लेम यांचा उपरोध तळाशी वास्तव आहे या विश्वासावर उभा आहे. फिलिप के. डिक यांच्या 'द थ्री स्टिग्माटा ऑफ पामर एल्ड्रिच' (१९६५) या कादंबरीत हा तळच नाहीसा होतो. द्रव्य एकदा घेतल्यानंतर त्याचा अंमल संपला की नाही, हे घेणाऱ्याला कधीच सांगता येत नाही. कोइके यांनी समाजचित्र लेम यांच्या बाजूचे आणि ज्ञानविषयक संशय डिक यांच्या बाजूचा, अशी जोड घातली आहे. हा प्रभावाचा दावा नसून केवळ स्थाननिश्चिती आहे.

मराठी विज्ञानकथेची वाट निराळी. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे बालपण आणि पदवीपर्यंतचे शिक्षण वाराणसीत, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात झाले. १९५७ साली ते येथून पदवीधर झाले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्या विषयाशी निकटचे नाते सांगते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका मुंबईत वावरतात, जिच्या इतिहासात १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. परत आल्यावर हा अनुभव भ्रम ठरण्याचा धोका असतो. तो टळतो एका फाटक्या पानामुळे. त्या दुसऱ्या जगातील ग्रंथाचे पान त्यांच्या खिशात राहिलेले असते. पुढे पुंजभौतिकीच्या आधारे एका वास्तवातून दुसऱ्या वास्तवात जाण्याची उपपत्ती मांडली जाते.

येथे दोन्ही कृतींतील 'पाना'ची तुलना करून पाहावी. नारळीकरांच्या कथेत पान हा पुरावा आहे. त्याच्या बळावर अनुभव भ्रमाच्या कोटीतून बाहेर येतो आणि वास्तवांची संख्या एकाने वाढते. कोइके यांच्याकडे पान हेच भ्रमाचे अधिष्ठान आहे. मराठी विज्ञानकथेने विश्वाविषयी पुष्कळ शंका घेतल्या. विश्वाला पाहणाऱ्या डोळ्याविषयी तुलनेने कमी घेतल्या. याचे एक कारण तिच्या उगमात असावे. १९७४ साली नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून पुढे आली आणि विज्ञानप्रसाराशी जडलेले हे नाते पुढील पिढीतही टिकले. समजावून सांगणे हे जिचे व्रत, ती कथा अखेरीस साऱ्याची उकल करून दाखवते. या व्रताने मराठी वाचकाला बरेच काही दिले. परंतु जाणिवेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्यामुळे विज्ञानकथेच्या बाहेर, विलास सारंग यांच्यासारख्यांच्या अतिवास्तवाकडे झुकणाऱ्या कथेकडे, गेला आणि या दोन प्रवाहांची भेट क्वचितच झाली.

५

येथवरच्या विवेचनात नशा ही ज्ञानमीमांसेची एक सोय म्हणून आली आहे. एवढ्यावर थांबणे मात्र योग्य होणार नाही. नशेला बाजार असतो, कायदा असतो आणि देह असतो.

वाराणसीतील अभ्यासकाला 'अल्ट्रा हेवन'मधील परवानाधारक दुकानांचे फारसे नवल वाटणार नाही. १८९३–९४ च्या सरकारी हेंप ड्रग्ज आयोगाने भांगेच्या धार्मिक वापराची सविस्तर नोंद घेतली होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने चरस व गांजा निषिद्ध ठरवले. शेंड्यांविना असलेली पाने व बिया यांना मात्र 'कॅनबिस'च्या व्याख्येतून वगळले. या फटीतून उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. एकाच झाडाचे पान विहित आणि शेंडा निषिद्ध, ही सीमारेषा वनस्पतीने आखलेली नाही. ती राज्यसंस्थेने, रूढीचा मान राखून आणि महसुलाचा विचार करून आखलेली आहे. कोइके यांच्या जगातही अधिकृत आनंद आणि निषिद्ध आनंद यांतील भेद असाच आहे. विकत मिळणाऱ्या भावावस्था माणसाला जेथल्या तेथे ठेवतात. 'अल्ट्रा हेवन' त्याला जागेवरून हलवते, आणि म्हणून ते निषिद्ध. हा या मांगाचा राजकीय आशय आहे. वास्तवाच्या स्वरूपाच्या चर्चेत तो हरवू देता कामा नये.

देहाची बाजू मराठी वाचकाला नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) शिकवलेली आहे. तेथे नशा जगण्याच्या व्यवहाराचा भाग आहे. भूक, धंदा आणि मारहाण यांच्या पंगतीला ती बसते. 'गोलपिठा' वाचलेल्या वाचकाला काबूच्या दिव्य दर्शनांइतकेच त्याच्या देहाकडेही पाहावेसे वाटेल. कोइके यांच्या रेषेने त्या देहाला न्याय दिला आहे. दर्शनांचा डोलारा कितीही उंच गेला तरी माणूस व्यसनी आहे, त्याची गरज लाजिरवाणी आहे, हे चित्र लपवीत नाही. तथापि काबूभोवतीच्या गरिबीला येथे इतिहास नाही. ती कोणाची, कशी आली, हे विचारले जात नाही. ढसाळांच्या तुलनेत ही उणीव ठळकपणे जाणवते.

द्रव्याकडून ध्यानाकडे वळणारा उत्तरार्ध याच संदर्भात पाहावा लागेल. या वळणाचा एक पूर्वसंकेत वाराणसीहून जपानकडे गेलेल्या वाटेवर आहे. अॅलन गिन्सबर्ग डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात या शहरात राहिले. नंतर ते जपानला गेले आणि त्या जुलैमध्ये क्योतो–टोकियो रेल्वेप्रवासात लिहिलेल्या कवितेत त्यांनी द्रव्यांच्या द्वारे दर्शने मिळवण्याच्या आपल्या ध्यासाकडे पाठ फिरवून देहाचा स्वीकार केला. 'द्रव्य सोडा, ध्यान धरा' हे सूत्र पुढे अनेकांनी सुलभ केले. जपानी वाचकाला मात्र ते २००२ नंतर निरागसपणे वाचता येणे शक्य नव्हते. ओम शिनरिक्यो या पंथाने योग, बौद्ध परिभाषा आणि विज्ञान यांचा मेळ घातला, आपल्या प्रचारासाठी मांगा व चलच्चित्रे वापरली, दीक्षाविधींत अनुयायांना एलएसडी दिले. आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडून डझनाहून अधिक माणसांचे प्राण घेतले, हजारोंना इजा केली. पंथाचा संस्थापक आपल्या सिद्धीचा उगम हिमालयात सांगत असे.

ध्यानाने द्रव्याची जागा घेणे हा 'अल्ट्रा हेवन'मध्ये सुखान्त का होत नाही, हे यावरून उलगडते. ध्यानातील दर्शनेही त्याच रेषेत, त्याच वितळत्या चौकटींत येतात. पानावर मद्यपी आणि सिद्ध एकसारखेच दिसतात. जो पंथ हा भेद आपल्याला बाहेरून कळतो असे सांगतो, तो माणसांना मारूही शकतो, हे जपानने पाहिले होते. हंसगीतेतील दृष्टान्ताची काटेकोर मर्यादा येथे निव्वळ शास्त्रीय काटेकोरपणा राहत नाही. उपमेची मर्यादा सुटली की काय घडते, याचे उदाहरण इतिहासाने पुरवलेले आहे. आपल्याकडेही सिद्धाच्या बेफिकिरीची ग्वाही बाहेरून देणाऱ्यांची वाण नाही.

६

या वाचनातून तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली पद्धतीविषयीची. हंसगीता आणि 'अल्ट्रा हेवन' यांच्यात उगम आणि प्रभाव असे नाते दाखवण्याची आवश्यकता नाही, तसा पुरावाही येथे अपेक्षित नाही. एकनाथांनी मराठीत आणलेल्या अलातचक्र, साक्षी, मद्यप्याचे वस्त्र या संकल्पना समीक्षेची अवजारे म्हणून वापरल्या तर त्या चित्रकथेच्या रूपबंधाविषयी काही नेमके सांगू शकतात. त्याचबरोबर समोरची कृती या अवजारांचीही कसोटी पाहते. साक्षीची कल्पना वाचकाला कोठवर लागू पडते आणि कोठे अपुरी ठरते, हे आपल्याला कोइके यांच्या पानांनी दाखवले. परंपरेकडे निष्कर्षांचा साठा म्हणून पाहणाऱ्याला हा लाभ होणार नाही.

दुसरी गोष्ट मराठी वाङ्मयव्यवहाराविषयीची. जाहिरातक्षेत्रात दृश्यरचनाकार म्हणून आयुष्य घालवलेल्या अरुण कोलटकरांसारखा कवी मराठीत होऊन गेला. शब्द आणि दृश्य यांच्या सीमेवर सहजपणे वावरणारी प्रतिभा आपल्याकडे नव्हती असे म्हणता येत नाही. नव्हती ती चित्रकथेला प्रौढांचे वाङ्मय मानणारी समीक्षा. कोणताही प्रकार समीक्षेच्या आज्ञेने जन्माला येत नाही. परंतु ज्या प्रकाराची वाट कोणीच पाहत नाही तो सहसा उशिराच येतो. चित्त आणि विषय यांच्या गुंत्याचा सनकादिकांचा प्रश्न मराठीने ओवीत विचारला, अभंगात विचारला, नवकवितेत विचारला. तो मराठी चित्रकथेच्या चौकटीत विचारला जाईल तेव्हा त्याचे उत्तर कोइके यांच्याहून भिन्न असेल. आणि ते वाचण्याची तयारी आपल्या अभ्यासक्रमांनी आणि संशोधनपत्रिकांनी आतापासून केली पाहिजे.